पिवळा केलेला डोंगर

सुव्हा, फिजी, ९ ऑगस्ट १९९८

ती. सेमेसादादास,
लितियानाचा सा. न. वि. वि.

दालोचे कंद पोचले. निम्मे शेजारणीने हक्काने नेले.

दीड वर्ष डोंगर पायाखाली घातले, आता सरकारचा दरडींच्या धोक्याचा नकाशा संपत आलाय. आपल्या गावामागच्या उताराला लाल रंग द्यावा लागतोय. गेल्या वर्षी मी तिथे जमिनीबरोबर ठोकलेल्या खुंट्या आता चार बोटं वर दिसतात. खुंट्या वाढत नाहीत, दादा, माती गेलीय. आल्यासाठी झाडी तोडलीत, वर वाफेही उभे काढलेत. पाणी थांबणार कुठे?

मावशीला नमस्कार. रागावू नकोस.

तुझी लितियाना

वाइनिसावु, २० ऑगस्ट

चि. लितियाना हिला सेमेसाचे अ. आ.

तू रंगपेटी उघडलीस आणि इथे आमचं तोंड काळं पडलं! लाल रंग म्हणजे आल्याची लागवड बंद. बावीस घरं त्या डोंगरावर जेवतात. मावशी विचारते, पोरीला शिकवलं ते गावाच्या पोटावर पाय द्यायला का?

एवढा एकच डोंगर पिवळा, कमी धोक्याचा कर. पुढल्या लागवडीला वाफे आडवे काढू, शब्द देतो. धाकटी आहेस, मोठ्याचं ऐक.

सेमेसा

सुव्हा, ५ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

केला पिवळा. आमच्या साहेबांनी काही न विचारता सही केली, नकाशा छापायला गेला. वाफे आडवे काढच.

लितियाना

वाइनिसावु, २४ जानेवारी १९९९

चि. लितियाना,

काय लिहू, कसं लिहू. तीन दिवस पाऊस कोसळत होता. गुरुवारी दुपारी आवाज झाला आणि डोंगराची कातडीच सोलून निघाली. आल्याच्या वाफ्यांच्या जागी पांढरा खडक आहे. साठ वर्षांत तो मी पाहिला नव्हता. बघतो आणि डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

आपल्या चुलत्याचा आपेनिसा, त्याचं घर चिखलात गेलं. तो नदीवर होता. त्याची बायको उनाइसी घरात होती. सहा तास आम्ही हातांनी उकरत होतो. मिळाली, पण गेलेली.

ते घर त्याने ऑक्टोबरात बांधलं. मी विचारलं होतं, डोंगराखाली कशाला? तर हसून म्हणाला की लितियानाच्या नकाशात पिवळा आहे, तिने पाहूनच दिला असणार. मी गप्प बसलो. लिती, मी गप्प बसलो.

वाफे उभेच होते.

सेमेसा

सुव्हा, २९ जानेवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं, तरी उनाइसी गेली हे वाक्य डोक्यात शिरेना. नकाशा लोक शेतीसाठी पाहतील एवढंच धरून बसले होते. त्यावर कुणी घर बांधेल, हे सुचलंच नाही. सकाळी साहेबांना सगळं सांगितलं. मला कामावरून दूर केलंय, नकाशा मागे घेतलाय. शनिवारी येते. गावासमोर मलाच बोलायचंय, तू आडवा येऊ नकोस.

लितियाना

वाइनिसावु, ११ फेब्रुवारी

चि. लितियाना हिला अनेक आशीर्वाद.

सभेत तू चूक कबूल केलीस तेव्हा मावशीने हातांनी तोंड झाकलं. मी उठून म्हणालो की रंग मी मागितला होता. रीतीप्रमाणे आपण आपेनिसापुढे व्हेलचा दात ठेवून क्षमा मागितली, पण त्याने दाताला हात लावला नाही. तू रडत बसमध्ये चढलीस.

परवा सकाळी तो दारात आला. आत ये म्हटलं, आला नाही. त्याने एवढंच विचारलं की नदीपलीकडच्या डोंगराचा रंग खरा कोणता. त्या डोंगराखाली उनाइसीची म्हातारी आई एकटी राहते. मी सांगितलं, लाल. लितियानाने पहिल्यापासून लालच दिलाय.

तो वळला. नदी ओलांडून, घर तिथून हलवायला सासूच्या छपराचे पत्रे उतरवू लागला. मीही गेलो. त्याने मला हाकललं नाही. एक पत्रा धरायला दिला.

जप. पत्र पाठवत राहा, आम्हाला तोडू नकोस.

तुझा दादा,
सेमेसा