आखूड पट्टा

३ मार्च
झाला पट्टा! तीन संध्याकाळी गेल्या. गणवेश शिवून हात बसलाय, पण हे जाड कापड – दोन सुया मोडल्या. एक लांब पट्टी होडीच्या पुढच्या टोकापासून मागेपर्यंत ताणून बांधायची. दुसरा पट्टा माझ्या छातीपासून तिच्यात अडकवायचा. एकटीने शिडाची होडी न्यायची तर एवढं हवंच, म्हणजे तोल गेला तरी होडीपासून सुटणार नाही.

४ मार्च
हे चष्म्याचं दुकान बंद करून आले. "पिशवी शिवलीस का?" कशासाठी ते सांगितलं. ह्यांनी पट्टा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला.

९ मार्च
होडी शिकवणाऱ्या मास्तरांनी पट्ट्याला लटकून पाहिलं. "बाई, शिवण झकास. लांबी चुकली. पाण्यात पडलात तर होडी फरफटत नेईल. वर ओढणार कोण? पडलात तरी होडीतच पडायला हवं." तोंड एवढंसं झालं. घरी येऊन उसवला. मीटरभरच ठेवला.

१५ मार्च
आखूड पट्टा लावून होडीत सराव. दर दोन पावलांना हिसका! खुंट्याला बांधल्यासारखं वाटतं.

२२ मार्च


आज पहिल्यांदा एकटी गेले. परतताना वारा एकदम वाढला. शीड उतरवायला पट्ट्याचा हुक लांब पट्टीत अडकवून रांगत पुढे गेले. लाट आली, पाय सटकला – आणि खाड्! छातीत असा हिसका की श्वासच अडकला. एक पाय बाहेर पाण्यात, बाकी सगळी मी होडीत! आणि होडी आपली चाललीये पुढे, माझी फिकीर न करता. पट्टा नसता तर ती गेली असती, मी मागे.

रडले नाही. आधी टाके पाहिले. एकही उसवला नव्हता! "वा गं बाई!" मोठ्यानेच ओरडले. मग शीड उतरवलं, होडी धक्क्याला लावली. एकटीने.

२३ मार्च
बरगडीवर जांभळा डाग. ह्यांना दिसला. लपवलं नाही, सगळं सांगितलं.
"परत जाणार?"
"जाणार."
हे ताट तसंच ठेवून उठले.

२६ मार्च
मास्तरांना शिकणाऱ्यांसाठी असेच चार पट्टे हवेत. "तुमच्याच हातचे." अंगावर मूठभर मांस चढलं!

८ एप्रिल
ह्यांच्या पिशवीत ओला टॉवेल. विचारलं, तर खालमानेने म्हणाले, "पोहायला शिकतोय. दोन आठवडे झाले." पंचावन्नाव्या वर्षी! गुडघाभर पाण्यालाही भिणारा माणूस. "आता तरंगता येतं," म्हणाले. "होडीत दुसऱ्याला जागा आहे का?"