सभेचं हळदीकुंकू

९ जानेवारी २०२५
सभेत आज लक्षच नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, शेजारी कुणीतरी तीळ भाजत होतं, आणि मी कुठल्या कुठे!

पुण्याची एक संस्था, मेडिकल कॉलेज आणि आम्ही एचआयव्हीवाल्या बायकांचा गट — तिघांचं मिळून संशोधन. प्रश्न आमच्याशी बोलून ठरवायचे. त्यांनी लिहिलं होतं, 'औषध नियमित घेता का?' आम्ही खोडलं. लिहिलं, 'गोळी घेताना दार लावता का?' कॉलेजच्या मयुरी मॅडम बघतच राहिल्या.

मी लावते. सासूबाईंना वाटतं, थायरॉईडची आहे. खरं कळलं तर हे घर सुटेल. मग कुठे जाऊ?

१० जानेवारी
दर सभेला घरी काय सांगून निघायचं, हा घोळ नेहमीचाच. काल मयुरी मॅडम म्हणाल्या, "संक्रांत आहे. हळदीकुंकू आहे म्हणा, कोण विचारतंय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही! डोळ्यांपुढे नुसता लाल रंग.

१७ जानेवारी
सेलूला सभा, म्हणजे हळदीकुंकू झालं. तिळगूळ, वाण म्हणून चहाच्या गाळण्या. खोटं वाटू नये म्हणून गटातल्या भावनाने सगळ्यांना कुंकवाचं बोट लावलं. नवरा, योगेंद्र, गेल्यापासून कपाळाला कुणाचं बोट लागलं नव्हतं. इतकं हलकं वाटलं! एसटीत कपाळाशी हात नेत बसले, बाहेर कपाशी सरकत होती. आमचा केळझरचा थांबा कधी गेला कळलंच नाही. पुढे उतरून परत आले.

पुसायचं विसरले!

सासूबाई दारातच. "विधवेले कोनं बोलावलं वं हळदीकुंकवाले?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला — गटातल्या अर्ध्याहून जास्त विधवाच की! आणि एवढ्या जणींत एकीलाही सुचू नये? मी म्हटलं, "तिथे विधवांनाही बोलावतात." खोटंही नव्हतं.

१८ जानेवारी
सासूबाईंनी माझं ताट वाढून सरकवलं. भाजीत मीठ जास्त.

२२ जानेवारी
तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "रीता, पुढच्या टायमाले मलेबी नेजो. तुहे सासरे गेले तवापासून मले कोनी कुंकू लावलं नाई."

आता? नेलं तर तिथे सगळं गोळ्यांचंच बोलणं. नाही नेलं तर काय सांगू! भावनाला फोन केला. ती म्हणाली, "त्याहिले आनशीन तं बाकीच्या बाया तोंड उघडनार नाईत." बरोबरच आहे. कॉलेजशी करार करताना 'बाहेरचं माणूस नको' हा आग्रह माझाच होता.

२६ जानेवारी
सांगितलं. अंगणातच. माझं, योगेंद्रचं, आणि सभेचंही.

सासूबाईंनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. मग एवढंच विचारलं, "मंग ते कुंकू खोटं होतं काय?"

त्या उठून आत गेल्या. आजाराबद्दल एक शब्द नाही. काढणार आहेत की ठेवणार? दिवसभर पाण्यात चालल्यासारखी घरात फिरते आहे.

२९ जानेवारी
शुक्रवारची सभा आमच्या घरी, बाकीच्या बायकांनीही होकार दिला! सासूबाईंनी स्वतः भावनाला फोन केला. म्हणाल्या, "गोळ्याचं काय बोलाचं ते मागून बोला. आधी कुंकू."