मागच्या दाराचा फणस

खेड
२४ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. सुजयदादास,

वडील भाऊ आहेस म्हणून नमस्कार. आज दुसऱ्या कुठल्या कारणाने तो लिहिला नसता.

माझा नंबर तू ब्लॉक केलास. मैनावहिनीला फोन लावला तर ती म्हणते "ते झोपलेत". सकाळी दहा वाजता. आणि मागे तुझं खोकणं मला ऐकू येतं. अर्धं जग बोटीने पालथं घातलेला माणूस बहिणीचा फोन चुकवायला बायकोला खोटं बोलायला लावतो, याला काय म्हणावं? म्हणून कागद घेतला. दीपक उद्या कामाने गुहागरला येतोय, त्याच्या हाती देते. घरच्या जावयाला तू दारातून परत पाठवणार नाहीस, एवढी खात्री आहे.

इकडे सगळे बरे. गौरवची बारावीची परीक्षा चालू आहे, त्यामुळे घरात टीव्ही बंद आहे आणि मला वैतागायला भरपूर वेळ आहे.

आधी विनीतचं बोलते. तो तुमच्याकडचा इमारत निरीक्षक आहे, लागून दीड वर्ष झालंय, आणि नोटीस घेऊन आला ही त्याची नोकरी आहे. त्याला फोन करून "तुझ्यासारखे छप्पन बघितले" म्हणालास, तिथवर ठीक. "तू या गावात राहतोस कसा ते बघतो" हे काय होतं? त्याने मला यातलं काही सांगितलं नाही, दुसऱ्याकडून कळलं. आणि त्या नोटिशीत तरी असं काय आहे? मंजूर नकाशात मागच्या बाजूला दुसरा जिना दाखवलाय, तो बांधलेला नाही, तो होईपर्यंत वरचा हॉल वापरू नये. दोन ओळींचा मजकूर आहे, दादा. त्यात तुझा अपमान कुठे आहे ते मला चष्मा लावूनही सापडलं नाही.

हे सगळं सुरू झालं आमच्या इमारत निरीक्षकांच्या संघाच्या सभेपासून, हे मला मान्य आहे. तू त्या संघाला "परवानगीवाल्यांचं भजनी मंडळ" म्हणतोस आणि मला राग येतो. पण तीन वर्षं सेक्रेटरी राहून सांगते, भजनी मंडळात निदान सगळे एका वेळी गातात. नियमावली बदलली म्हणून मी वर्ग ठेवला, तर अकरा जण आले, त्यातले चार जण मला वाटतं पंख्याखाली बसायला आले होते. जिन्याच्या कठड्याच्या उंचीबद्दल कुणी ग्रुपवर प्रश्न विचारला, तर उत्तराऐवजी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' येतं. अध्यक्ष रावजी पालशेतकर साहेब प्रत्येक भाषणात म्हणतात की आपण लोकांच्या जिवाचे राखणदार आहोत, आणि मग फोटोत मधे उभं कोण राहणार यावरून भांडण होतं.

तर तू म्हणालास, "तेजू, यंदाची सभा माझ्या हॉलवर घे. वैष्णवीच्या लग्नाआधी चार माणसांचे पाय लागू देत." मी हो म्हटलं. भाऊ बोलावतोय, सुरमई खिलवतोय, मला काय, आनंदच झाला. हॉलचं भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे मी विचारलं नाही. आमच्यातल्या एकानेही विचारलं नाही. दुसऱ्याच्या मंगल कार्यालयात गेलो की आम्ही चपला काढायच्या आधी दारं मोजतो, आणि तुझ्याकडे सगळे पाहुणे होऊन आले. चाळीस परवानगीवाले बिनपरवानगीच्या हॉलमध्ये बसून सुरक्षिततेवर भाषणं ऐकत होते. हसू नकोस, मला अजून हसू येत नाही.

पुढचं तुला नीट माहीत नाही. तू खाली माशांवर देखरेख करत होतास आणि वर काय झालं ते तुला विनोद म्हणून सांगण्यात आलं.

आमच्या सभेची एक रीत आहे. अध्यक्ष कधीतरी, कुणाला न सांगता, घंटा वाजवतात. घंटा झाली की आग लागली असं समजून सगळ्यांनी हॉल रिकामा करायचा. दरवर्षी लोक कुरकुरतात, कारण साहेब मुद्दाम नको ती वेळ निवडतात. यंदा पानात सुरमईची तुकडी पडली आणि घंटा झाली. निम्मे लोक पुढच्या जिन्याकडे गेले आणि तिथे अडकले, कारण खालून तुझी माणसं भाताचं पातेलं घेऊन वर येत होती. मागे बसलेले मागच्या दाराकडे वळले. दारावर हिरवी पाटी आहे, 'बाहेर' म्हणून, रात्रीही चमकणारी. ती मात्र तू नियमाप्रमाणे लावलीस. साहेब सगळ्यांत पुढे. त्यांनी पडदा सारला, कडी काढली, दार ढकललं आणि पाय पुढे टाकला.

दाराबाहेर जिना नव्हता. समोर आपला फणस होता, आणि खाली एक मजला मोकळा होता.

विनीतने त्यांच्या कोटाची मागची बाजू धरली म्हणून ते राहिले. दोघे दारातच बसकण मारून खाली बसले. खालून तुमचा गडी केरूकाका ओरडला, "अवो सायेब, त्या दारान कोन जातंय? तिकडं फनस हाय नं." आणि सगळा हॉल हसला. साहेबसुद्धा हसले. ते म्हणाले, "सेक्रेटरीबाईंच्या भावाचा हॉल आहे, म्हणजे घरचंच. इतिवृत्तात लिहा, कवायत पार पडली." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. विनीत हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगाल तसं करू." मी म्हटलं, जेवून घ्या, मासे गार होतील.

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्यावर एवढं प्रेम कुणी केलं नव्हतं. त्या प्रेमाची मला शिसारी आली.

तेव्हा ऐक. विनीतला सोड. त्याच्यामागे कुणी पुढारी नाही, तुझ्या हॉलवर डोळा ठेवणारा कुणी शेजारी नाही. तक्रार माझी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सही करून दिली. तुला आधी फोन करून सांगायला हवं होतं, पण तू "बघू गं, लग्न होऊन जाऊ दे" म्हणाला असतास आणि मी ऐकलं असतं.

मे महिन्यात लग्नाला त्या हॉलमध्ये आठशे माणसं असतील. आपली म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं, नव्या साड्या, मागे गॅसच्या शेगड्या. एक जिना. तूच मला सांगायचास, इंजिनरूममधून वर यायला दोन वाटा असतात, एक बंद पडली तर दुसरी, आणि दर महिन्याला कवायत असते. मी कॉलेजात होते तेव्हा सुट्टीवर आलास की तू त्या वाटेचं चित्र काढून दाखवायचास. मी हे खातं धरलं त्यात तुझ्या त्या चित्राचाही हात आहे. बोटीवर जे कळतं ते गुहागरच्या किनाऱ्याला लागलं की विसरायचं असतं का?

जिन्याला दुसरी जागा मी रोज शोधते आहे. पुढे रस्ता. डावीकडे विहीर. उजवीकडे शेजाऱ्यांचा दगडी गडगा, आणि ते इंचभर सरकणार नाहीत हे तुला मला ठाऊक आहे. गोल लोखंडी जिना एवढ्या माणसांना चालत नाही. राहिली मागची बाजू.

असो. गौरव चहा मागतोय. वहिनीला नमस्कार, वैष्णवीला आशीर्वाद. फोन उघड.

अजून तरी तुझी,
तेजू


खेड
७ मार्च २०२५

ती. स्व. दादास,

नमस्कार.

गुहागरच्या गाडीच्या कंडक्टरने काल पिशवी आणून दिली. आत आपल्या फणसाची एक कोवळी कुयरी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, देठाला अजून चीक होता. चिठ्ठी नाही, निरोप नाही. कुयरी पाठवून गप्प बसायचं, हे तुला आईने शिकवलं. तीही रागावली की बोलायची नाही, नुसतं ताटात वाढायची.

भाजी केली. हाताला तेल लावायला विसरले आणि चीक निघता निघेना. गौरवने दोनदा वाढून घेतली. माझी पानातच राहिली, आणि त्याचा राग मी दीपकवर काढला, तो बिचारा मीठ कमी आहे एवढंच म्हणाला होता.

संघाची बातमी सांगते. साहेबांचा फोन आला होता. म्हणाले, "बाई, घरचं भांडण तुम्ही संघात आणलंत. आता पुढच्या वर्षी आम्हाला हॉल कोण देणार?" मी म्हटलं, साहेब, त्या दारातून तुम्ही गेला असतात तर पुढच्या वर्षी शोकसभा घ्यावी लागली असती, तिला तरी हॉल लागलाच असता. मग म्हणाले, सभा उघड्या मैदानात घेऊ. अशी माझी माणसं. परवा सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला आणि परत फाडला. मी सोडलं तर घंटा कोण जपून ठेवणार?

वैष्णवीनेही फोन केला, तुला चोरून. म्हणाली, "आत्या, अंगणात मांडव घालू दे ना बाबांना, मला चालेल." पोर शहाणी आहे. तिचं लग्न अंगणात होईल आणि छान होईल. पण दादा, त्यानंतर? हॉल तू कुलूप लावून ठेवायला बांधला नाहीस. पावसाळा संपला की दुसऱ्या कुणाची तरी वैष्णवी त्या हिरव्या पाटीखाली उभी असेल. तिची आत्या आमच्या खात्यात नसेल.

नोटीस आली त्या दिवशी फोनवर तू म्हणालास, "मग फणस तोडू का? तू सांग. तुझ्या तोंडाने सांग." आणि मी फोन ठेवला. तुला वाटलं मी तोऱ्यात ठेवला, म्हणून तू नंबर ब्लॉक केलास. मला बोलताच येईना, म्हणून ठेवला. मागच्या पत्रात एवढी पानं लिहिली, विहीर लिहिली, गडगा लिहिला, आणि तेवढं एकच लिहिलं नाही. तुला ते कळलं. म्हणूनच कुयरी आली.

तू जिना का बांधला नाहीस, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, भावाने खर्च वाचवला. वाटू दे. आई त्या फणसाला 'माझा तिसरा' म्हणायची. आपल्याला दोघांना बदडायची, तिसऱ्याला कधी बोट लावलं नाही. तिला अंथरुणावरून उठता येईना तेव्हा खाट मागच्या पडवीत घ्यायला लावली, तो दिसावा म्हणून. ती गेली त्या वर्षी तो धरलाच नाही. मी म्हटलं हवा बिघडली होती, तू म्हणालास सुतक पाळतोय, आणि मी तुला खुळा म्हटलं. मला तेव्हाही तुझंच पटलं होतं.

म्हणून आता माझ्या तोंडाने सांगते. तोड.

कुयऱ्या आधी उतरवून घे आणि आवाठात घरोघरी वाट, आई वाटायची तशा. झाडतोडीच्या परवानगीचा अर्ज सोमवारीच दे. ती न घेता कुऱ्हाड लावलीस तर त्याचीही नोटीस येईल, आणि विनीत ती यावेळी आनंदाने आणेल. त्याला एकदा घरी बोलावून जेवू घाल, साहेबांचा जीव त्याने वाचवला आणि तुझी अब्रूही. लाकूड विकू नकोस. ते वाळायला वेळ लागेल, मग काय करायचं ते आपण बसून ठरवू.

परवानगी आली की मला कळव. मी आल्याशिवाय घाव घालू देऊ नकोस. त्या वेळी तू पडवीत नसलास तरी चालेल, मी उभी राहीन. आईला काय सांगायचं तेही मीच सांगते, तिची बोलणी खायची मला सवय आहे.

तुझी, आणि तिसऱ्याचीही,
बहीण तेजू