पाथ सापडत नाही

सोमवार, ३ जून
रोजचा संध्याकाळी सातचा बिल्ड काल पडलेलाच होता, आजही पडला. गेला आठवडाभर हेच. सगळ्यांचा कोड जोडून सॉफ्टवेअर तयार करणारी ती स्क्रिप्ट सहा वर्षांपूर्वी मी लिहिली, म्हणजे चूक दुसऱ्या कुणाची तरी. एरर एकच: पाथ सापडत नाही. कुठली फाइल कुठे ठेवायची, एवढंही लोकांना जमत नाही. शुक्रवारी टीम लीड ठरणार.
संकल्प: चिडायचं नाही. (वीज वाचवायचा संकल्प मात्र आठवडाभर पाळला. रोज सहाला मशीन बंद.)

मंगळवार, ४ जून
चिडलो. कुणीतरी पाथमधली तिरकी रेघ उलटी टाकली असणार, म्हणून चारशे ओळी तपासल्या. सगळ्या रेघा सरळ. म्हणजे तिरक्याच, पण बरोबर. पाचला बिल्ड चालवला, मुकाट चालला. सहाला घरी. सातला पडला.

बुधवार, ५ जून
मोठा शोध! मी ऑफिसात असलो की बिल्ड चालतो, निघालो की पडतो. साहेबांच्या कानावर घातलं. विचित्रच आहे, म्हणाले. याला दरारा म्हणतात, हे त्यांना कोण सांगणार?
टेस्टिंगच्या बाईंनी स्क्रिप्ट बघायला मागितली. दिली नाही.
लीड झालोच समज, असं हिला सांगून टाकलं. हिने लगेच माहेरी कळवलं.

गुरुवार, ६ जून
बाईंनी साहेबांकडून परवानगी काढली. नाक खुपसायची सवय, दुसरं काय! उद्या अकराला क्लायंटला सॉफ्टवेअर द्यायचंय. उद्याच रजा टाकली. कळू दे किंमत.
मशीन आठवणीने बंद केलं.

शुक्रवार, ७ जून
१०.२० – क्लायंटसाठीचा बिल्ड पडला असणार. दुसरा चहा.
१०.४५ – साहेबांचा फोन. मुद्दाम चार रिंगा वाजू दिल्या. आता गयावया करतील म्हणून आवाज जड केला.
"तुमच्या मशीनचं बटण कुठे आहे हो?" म्हणाले.
११.३० – बाईंनी शोधलं. एका फाइलचा पाथ थेट माझ्या मशीनवरच्या फोल्डरचा आहे. मशीन बंद, की पाथ गायब. त्या ओळीशेजारी मीच लिहिलंय: तात्पुरतं. उद्या बदलणे.
७.१० – बाईंनी पाथ बदलला. बाई लीड झाल्या. सातचा बिल्ड चालला, मशीन बंद असताना. फार लागलं.
माहेरी काय कळवू, ही विचारतेय. थांब म्हटलं आणि साहेबांना फोन लावला. सोमवारी लवकर येऊ का, विचारलं.
"सावकाश या. आता तुम्ही नसलात तरी चालतं."