छातीवरचा भाचा

२ डिसेंबर, मंगळवार
मामा झालो! ताईला पोरगं झालं. पण दोन महिने आधीच. वजन चौदाशे ग्रॅम. काचेतून बघितलं. मांजराच्या पिलाएवढं, नाकात ऑक्सिजनची नळी. ताईला बीपी वाढून झटके आले म्हणून ती दुसऱ्या वॉर्डात, अजून धड शुद्धीवर नाही. दाजी पुण्याहून निघालेत. आई तापानं फणफणलेली, तिला आत सोडत नाहीत. म्हणजे या घडीला परभणीत आमच्याकडचा धडधाकट माणूस एकच. मी.
शि.ला तीन मेसेज टाकले. बघितले, उत्तर नाही. जिच्यापायी मारामारी करून दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलं, तिला ‘अभिनंदन’ लिहायला जड जातंय.

३ डिसेंबर
बालरोगवाल्या वट्टमवार मॅडम. बुटक्या, चालणं म्हणजे पळणंच.
“तू कोण?”
“मामा.”
“शर्ट काढ.”
मला वाटलं मलाच तपासायल्या! तर लेकरूच आणलं. टोपी, मोजे, लंगोट, बाकी उघडं. माझ्या उघड्या छातीवर बेडकासारखं पालथं ठेवून सुती कापडानं बांधून टाकलं. कांगारू म्हणे.
“आईच्या छातीवर अशी लेकरं तगतात हे माहीत झालंय. पुरुष किती टिकतात त्याचा माझा अभ्यास चाललाय. दिवस दिवस बसावं लागेल. जमत नसेल तर आत्ताच सांग.”
“बसतो की.”
“मग आधी तो सेंट धुऊन ये. गुटखा?”
“सोडला.”
“कधी?”
“आत्ता.”
जाधव सिस्टर तोंडावर रुमाल धरून हसली. हसू दे. लेकराचं काळीज माझ्या बरगडीवर टकटक करायलंय, चिमणीनं दाणे टिपावेत तसं. आयुष्यात एवढं गप्प कधी बसलो नव्हतो. आणि एवढं भारीही कधी वाटलं नव्हतं!!

५ डिसेंबर
दाजी आले. लेकरू घेतलं, रडले. “मेव्हणे, तुमीच धरा.” मला उठता येत नाही म्हणून आता दाजी मला चटणी-भाकर भरवायलेत. जावयानं मेव्हण्याला घास भरवायचा! दुनिया उलटी झाली.
ताई शुद्धीवर आली. पहिलं वाक्य, “कुटंय?” तिचं दूध वाटीत काढून आणतात, नळीनं देतात. थेंब थेंब.
आईचा ताप उतरला, पण खोकला हाय, म्हणून दारातूनच भांडायली. मॅडमनी घुटी द्यायची नाही म्हणून सांगितलं, त्याचा राग. “पहिली घुटी ज्याच्या हातची त्याचा गुण लेकराला लागतो. हितं घुटीबी न्हाई, सरळ तुज्या छातीवर! तुजा तापटपणा उतरला मंजी? ह्येबी कालेज सोडून घरी बसंल.”
वर वजन उतरून तेराशे वीस. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, “मॅडम, तुमचा अभ्यास बंद करा!”
“पहिल्या आठवड्यात उतरतंच. आणि आवाज खाली. पेशंट झोपलाय.”

८ डिसेंबर, सोमवार
लिहायला हात धजत नाही.
शि.च्या मैत्रिणीचा फोन आला. गुरुवारी पाथरीला शि.ला बघायला येणार. पोरगा वालूरचा, खत-बियाण्याचं दुकान. मी तिथंच, लेकरू बांधलेलं असताना, तिच्या भावाला फोन लावला. काय काय बोललो. तोही काय कमी नाही. “कॉलेज सोडून पळालेल्यानं मला शिकवू न्हाई” म्हणाला. मी उठून उभा...
लेकराला लावलेली मशीन ओरडली. लेकराचे ओठ जांभळे. जाधव सिस्टर धावली, मान सरळ केली, तळपाय चोळले. एक. दोन. मग त्यानं श्वास घेतला. माझा अजून आला नव्हता.
मॅडमना विचारलं, “माझ्या रागानं झालं का? आई म्हणते तसं?”
“रागबिग काही नाही. एवढी लहान लेकरं श्वास घ्यायचंच विसरतात. पण तू हातवारे करत होतास, त्यात मान दुमडली. मान सरळ ठेव, फोन बंद ठेव. मग खुशाल रागव.”
फोन बंद करून आईकडं दिला.

११ डिसेंबर, गुरुवार
आज पाथरीत पोहे. गाडी खाली उभी, तासाभराचा रस्ता. दाजींना सर्दी, त्यांना आत बंदी. मॅडमना सांगितलं, बाहेर काम हाय. लपवायला गेलो तर सिस्टरनंच सगळं सांगून टाकलं.
“जा ना. जबरदस्ती नाही. हीटरखाली ठेवू आम्ही.”
“आणि श्वास विसरला तर?”
“आम्ही कशाला आहोत इथं?”
“सोमवारनंतर माझ्यावर असताना एकदाही विसरला नाही.”
“नाही विसरला. तेच तर लिहितेय मी.”
चावी काढली. सिस्टर कापड सोडायला आली. लेकरानं छातीवरचे दोन केस मुठीत धरलेले. एवढीशी मूठ, पण धरलेली. म्हटलं, राहू द्या.
चार वाजेपर्यंत मनातल्या मनात वालूरच्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मान सरळ ठेवून.

१४ डिसेंबर, रविवार
चौदाशे दहा! जन्मापेक्षा जास्त! ओरडणारच होतो, सिस्टरनं डोळे वटारले. मग आवाज न करता नाचलो, बसल्या बसल्या, फक्त पायानं. मॅडम म्हणाल्या, “अजून ऑक्सिजन सुटला नाही, हुरळू नकोस.” पण स्वतःच दोनदा काटा बघितला. उद्या ताईला चाकाच्या खुर्चीत आणणार, पहिल्यांदा तिच्या अंगावर देणार. मला आनंदही झाला आणि... जाऊ दे.
दुपारी दाराच्या काचेत शि.
खरंच शि.! केस उडालेले, तोंडाला ओढणी. सिस्टरनं दार किलकिलं केलं तशी तिथूनच कुजबुजली, “फोन बंद का रे तुझा? मेलास का जिता हाईस?” मग माझ्या छातीवर बघितलं आणि तोंडावरची ओढणी खाली ओढली.
गुरुवारचं विचारायचं होतं. पण लेकरू नुकतंच झोपलेलं.
सिस्टर दारात आडवी. “नातेवाइकांशिवाय आत सोडत न्हाई. तुमी लेकराच्या कोण लागता?”
शि.नं माझ्याकडं बघितलं. मी लेकराकडं.
“सिस्टर,” ती म्हणाली, “चप्पल कुठं काढू?”