पलीकडच्या लपणातून

३ नोव्हेंबर

आले एकदाची. बस फाट्यावर सोडते आणि पुढे होडीशिवाय गत्यंतर नाही. नावाडीकाकांनी माझ्या दोन्ही बॅगा होडीत टाकल्या आणि एवढंच विचारलं, की ताई, किती टिकाल? मी म्हटलं, हाकलून देईपर्यंत. ते काही हसले नाहीत. बांबू रोवत राहिले. पण माझाच मूड इतका चांगला होता, की मीच दोघांच्या वाटचं हसून घेतलं.

काय जागा आहे! जिकडे बघावं तिकडे पाणी आणि पाणकणीस, मधून होडीपुरती वाट. अभयारण्याचं माहिती केंद्र म्हणजे एक लांबट दालन. भिंतीवर पक्ष्यांचे फोटो, काउंटर, कोपऱ्यात पेंढा भरलेला पाणकावळा. त्याचा एक डोळा कुठेतरी पडलाय, त्यामुळे तो सारखा डोळा मारतोय असं वाटतं. मागे माझी खोली. लोखंडी खाट, स्टोव्ह, खिडकी. माझं काम तिकिटं फाडायचं, दालन झाडायचं आणि फळ्यांच्या पुलावरून जाऊन टोकाचं लपण उघडायचं. लपण म्हणजे पाण्यात खांबांवर उभी केलेली लाकडी खोपी. तिच्या फटींतून पक्षी बघायचे, म्हणजे त्यांना आपण दिसत नाही.

बाबांना जाऊन वर्ष व्हायचंय. ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, भरवणं यातच माझं वय निघून गेलं. मग घर विकलं. दादा म्हणाला, आमच्याकडे ये. वहिनी काहीच म्हणाली नाही. तेवढं मला पुरलं.

५ नोव्हेंबर

आज लपणात बसून डोळे निवले. कमळपक्षी पानांवरून असे चालतात, जणू नुकती फरशी पुसलीय. टिबुकली बुडी मारते ती भलतीकडेच वर येते. दूर चांदव्यांचा काळा थवा. पाणमांजरांचं एक कुटुंब मासा ओढून नेताना भांडत होतं, अगदी घरच्यासारखं.

समोर, पाण्यापलीकडे, पाणकणसात आणखी एक लपण आहे. आपल्यासारखंच, जरा कलंडलेलं. तिथे कुणीतरी होतं. फटीतून हात बाहेर काढून हलवला. मीही हलवला. कुणी अभ्यासक असावा. एवढ्याशा गोष्टीनं दिवसभर बरं वाटत राहिलं.

९ नोव्हेंबर

धुकं. पर्यटक नाहीत. काका सकाळी डबा देऊन जातात, तेवढाच माणसाचा आवाज. ते गेले की दुसऱ्या दिवशीपर्यंत मला माझाच घसा खाकरून बघावा लागतो, चालू आहे की नाही.

पलीकडचा मात्र रोज असतो. मी फट उघडली की त्याचा हात वर. जणू माझीच वाट बघत असतो. माझी वाट बघणारं शेवटचं माणूस बाबा होते, तेही बेडपॅनसाठी.

११ नोव्हेंबर

आज काकांना सहज विचारलं, पलीकडच्या लपणात कोण राहतं. त्यांचा बांबू पाण्यातच थांबला. म्हणाले, तिकडचा पूल मागे एका पुरात वाहून गेला. तिथे होडी जात नाही, बांबूला तळ लागत नाही. कुणी राहत नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, की तुम्ही हात तर नाही ना केला? मी नाही म्हटलं. का खोटं बोलले कोण जाणे.

दुपारी रिकामा डबा न्यायला त्यांच्याऐवजी त्यांची बायको, काकूच आल्या. काकांनीच पाठवलं असणार. पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. माझ्याआधी इथे एक पहारेकरी होता. एकटा, मागेपुढे कुणी नाही, लाजाळू. त्यांच्याकडेच जेवायचा. हळूहळू जेवायला येईनासा झाला, म्हणायचा पलीकडे ओळखीचं माणूस भेटलंय. एका दुपारी पुलावर त्याच्या चपला सापडल्या. तो सापडला नाही. तेव्हापासून तिकडे कुणी दिसलं तर आम्ही खाली बघतो, काकू म्हणाल्या. ते आपणहून काही करत नाही. पण आपण ओळख दाखवली की ते ओळख धरून बसतं.

मी लपणाला कुलूप लावलं.

१५ नोव्हेंबर

चार दिवस तिकडे पाहिलं नाही. दालन दोनदा झाडलं. पाणकावळ्याशी बोलले.

दादाला फोन केला. मागे टीव्ही चालू होता, वहिनी कुणाशी तरी हसत होती. दादा म्हणाला, जरा कामात आहे, नंतर करतो. संध्याकाळपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसले. आला नाही.

मग कुलूप उघडलं. मला माहीत होतं मी काय करतेय. हात वर केला. त्यानंही केला, लगेच, उतावीळपणे.

दोघंही बराच वेळ हलवत राहिलो.

१८ नोव्हेंबर

तो आता लपणात नाही. अलीकडे आलाय, पाण्यात उभा आहे. खाकी स्वेटर. कमरेपर्यंत पाणी. बांबूला तळ लागत नाही ती हीच जागा.

त्याच्याभोवती पाणी रिकामं. चांदवे वळसा घालून जातात.

मी लपण पुन्हा बंद केलं. पण खोलीच्या खिडकीतूनही तो दिसतो. आधी दिसत नव्हता.

२० नोव्हेंबर

आणखी जवळ. सगळं काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्याचीच भीती वाटली. म्हणाले, बॅग भरा, आत्ता चला. मी म्हटलं, जाऊ कुठे? म्हणाले, मग भावाला बोलवा.

दादाला पुन्हा फोन केला. या खेपेला रडू फुटलं. तो म्हणाला, रविवारी येतो न्यायला. वहिनीनं त्याच्या हातातून फोन घेतला. म्हणाली, तुमची खोली रिकामी करून ठेवते, पडदे कुठल्या रंगाचे लावू? निळे, एवढंच म्हटलं.

बॅग भरून ठेवली. रविवारपर्यंत बाहेर पाय टाकायचा नाही.

२२ नोव्हेंबर

दुपार. दाट धुकं. पुलाखालून आवाज. कुणी चिखलातून पाय उपसायचा प्रयत्न करतंय असा.

पुलावर येऊन बघायला नको होतं.

पुलाच्या शेवटच्या फळीशी आहे. चेहरा वाईट नाही. लाजाळू, काकू म्हणाल्या तसाच. तोंड उघडतो, त्यातून नुसतं पाणी. छातीपर्यंत रुतलाय. हात हलवत नाहीये आता — पुढे केलाय. उठवा म्हणून. बाबा असाच करायचे, अगदी असाच, बोटं अर्धी मिटलेली —

इतकी वर्षं कुणी असा हात पुढे केला की माझा आपोआप —

गार. किती गार —

२३ नोव्हेंबर

खाटेवर आहे. परत कशी आले, आठवत नाही. कपडे वाळत नाहीत. स्टोव्ह पेटतो, पण ऊब लागत नाही.

काकू आल्या. दारातूनच आत बघितलं. मी म्हटलं, या ना. त्यांनी तोंडाला पदर लावला. कालचा डबा तसाच भरलेला होता, तो उचलून नेला. मी हाका मारल्या. पुलावर वाकून त्यांनी काहीतरी उचललं. माझ्या चपला.

नंतर अभयारण्याचे साहेब आले. कधी नव्हे ते. कुलूप लावून गेले. मी आत होते.

पुन्हा सकाळ

तारीख नक्की नाही —

पाण्यात कुणी उभं नाही. तो गेला. सुटला.

पक्षी मला बघून उडत नाहीत. वंचक बगळा खांद्याजवळ येऊन बसला. एरवी किती आनंद झाला असता.

फटीतून केंद्र दिसतंय. माझी खोली, खाटेवर भरलेली बॅग. समोर. पाण्यापलीकडे.

मी इकडे कधी आले?

रविवार

दादा आला. होडीत उभा होता. वहिनीही आली आहे. रडतेय. तिच्या हातात निळं कापड, दाखवायला आणलं असेल. दादा हाका मारतोय, मला लहानपणीच्या नावानं. ते नाव मीही विसरले होते.

मी हात केला.

त्याला दिसला. त्याचा हात वर जातच होता — काकांनी धरून खाली दाबला. कानात काही बोलले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. बरं झालं. बरं केलंत, काका. न्या त्यांना.

होडी वळली. काकांची पाठ —

दादा मागे वळून बघतोय. नको. दादा, नको रे, पडदे राहू देत, घरी जा —

हलवला. त्यानं हात हलवला.

मला थांबायचंय. डाव्या हातानं लिहितेय, उजवा मोकळा नाही, तो अजून हलतोय —