टाकावरचं नाक

गेवराई, मंगळवार संध्याकाळ

चौसाळ्याचे काका आज त्यांच्या देवघरातला टाक न्यायला दुकानात आले. त्यांच्या पणजोबांचा चेहरा असलेला तो चांदीचा पत्रा त्यांच्या मुलानं आणून दिलता. पार झिजलेला, म्हणून रीतीप्रमाणे आटवून मी त्याच चांदीचा नवा घडवला. नाक हौसेनं सरळ, टोकदार काढलं. काहून काढलं?

काकांनी नाकावरून अंगठा फिरवला. "लई सुबक झालाय. पण ह्यो आमचा न्हाई."

"चांदी तीच हाय, काका."

"आई रोज अंगठ्यानं चोळून न्हाऊ घालायची. तिच्या हातानं नाक झिजलतं."

"कानशीनं घासून देऊ का?" हे मी खरंच विचारलं. काका टाक रुमालात बांधून गेले.

आटवण्याआधी जुना टाक एकदा त्यांच्या हातात तरी द्यायला हवा होता.